घंटी वाजत असताना

एरंडोल, १६ सप्टेंबर २०२४

चेलनाजीजी, जय जिनेंद्र.

शाळा सुटल्यापासून मी निबंध लिहिलेला नाही आणि तू मला पत्र लिहायला लावतेस. एसटी ड्रायव्हर वनाभाऊच्या हाती चिठ्ठी पाठवतेस काय, 'फोन अजिबात करू नकोस, जे असेल ते लिहून दे' म्हणतेस काय. धुळ्यात विजेची बिलं टाइप करून करून तुझं डोकं फिरलं, असं मम्मीचं मत आहे. मलाही रागच आला होता. पण तुझ्याशिवाय हे सांगणार कुणाला?

पप्पा परवा घरी आले. क्षमापनेच्या दोन दिवसांनी साध्या कपड्यातली चार माणसं आपल्या पंप-पाइपच्या दुकानातून त्यांना घेऊन गेली होती, एवढं तुला कळलंच होतं. कुठल्या ठाण्यात नेलं ते त्यांनाही माहीत नाही, डोळ्यांवर फडकं होतं. तळव्यांवर पट्ट्याने मारलंय. पाय इतके सुजलेत की चपलेत जात नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या खणात घालून खण बंद केला, आणि एकाने वरून गुडघा टेकला. बोटं मोडली. दातही हलताहेत, म्हणून मम्मी खिचडी पातळ करून भरवते. जीजी, हा माणूस अंगणातल्या मुंग्या चुकवत चालतो.

विचारत एकच होते: किरण पाटलाशी फोनवर काय ठरलं?

पहूरचा किरण तू विसरली नसशील. आपलं दुकान पहूरला होतं तेव्हा त्याचा धाकटा भाऊ विहिरीतली मोटार काढताना शॉक लागून गेला. मोटार आपली, केबल आपली. जोड कुणी चुकीचा दिला ते कधी ठरलंच नाही. किरणने आपलं दुकान फोडलं, पप्पांच्या डोक्यात पाना घातला आणि आपण गाव सोडलं. तेव्हापासून दर वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, क्षमापनेला, पप्पा माफी मागायचा पहिला फोन त्यालाच करतात. आत्याबाईंच्याही आधी. तो दर वर्षी कट करतो. या वर्षी त्याने उचलला. चार मिनिटं बोलणं झालं. काय झालं ते पप्पा मला सांगत नाहीत, मार खाऊनही त्या लोकांना सांगितलं की नाही देव जाणे.

त्याच रात्री कुणीतरी हाय टेन्शनच्या टॉवरवाल्यांची सर्व्हेची गाडी पेटवली आणि आत झोपलेला चौकीदार जळून मेला. टॉवरच्या विरोधात सगळ्यांत पुढे किरण. त्याला आत टाकलंय. पप्पांना सांगितलंय की पुढच्या महिन्यात येऊन जबाबावर सही करायची, की 'आज गाडीचं काम उरकतो' असं किरण फोनवर म्हणाला. सही केली तर पप्पा साक्षीदार, नाही केली तर आरोपी.

आता खरं ऐक. फोन लावताना मम्मी बाजूला उभी राहून म्हणाली होती, "त्याला कशाला, त्याने तुमचं डोकं फोडलंय." पलीकडे फोन उचललासुद्धा नव्हता, घंटीच वाजत होती. आणि हे वाक्य त्या लोकांनी पप्पांना जसंच्या तसं ऐकवलं. म्हणजे खोलीतलं कुणीतरी फुटलंय. खोलीत आम्ही तिघे होतो आणि हितेंद्र होता, मोबाइलच्या दुकानवाला, वायफायची डबी बसवायला आला होता. बाकी तू समजून घे.

तुझा अर्पित


धुळे, २० सप्टेंबर २०२४

चि. अर्पित,

पत्र मिळालं. काकासांची बोटं वाकडी जुळतील, त्यांना लगेच जळगावला हाडांच्या डॉक्टरकडे ने. तिथे पडले म्हणून सांग, वाद घालू नकोस. लघवीला लाल होत असेल तर त्याच दिवशी दाखव. तळव्यांच्या मारात मूत्रपिंडाला त्रास होतो.

त्यांना सही करू देऊ नकोस. तब्येतीचं कारण सांगून पुढे ढकला.

हितेंद्रच्या वाटेला जाऊ नकोस. तो नाही. मला कसं माहीत हे विचारू नकोस, मी मोठी आहे म्हणून ऐक. मोबाइल दुकानातच ठेवून घरी येत जा. काकीसांना माझा नमस्कार. मी बरी आहे, बिलांचं काम फार आहे.

चेलना


एरंडोल, २९ सप्टेंबर २०२४

जीजी,

तू मोठी आहेस म्हणून ऐकलं असतं, पण कारण सांगितलं असतंस तर. तळव्यांच्या मारात कुठे काय होतं हे तुला ठाऊक, आणि हितेंद्र निर्दोष हेही तुला धुळ्यात बसून ठाऊक. बिलांच्या कंपनीत बरंच शिकवतात.

हितेंद्रचं काम झालं. दुकान बंद करून तो अंजनीच्या पुलाकडून घरी निघाला होता. माझ्याबरोबर दोन मित्र होते. एक इंची जीआय पाइप आपल्याच दुकानातला घेतला होता, कापून, धरायला नीट. पहिला फटका गुडघ्यावर मारला. तो खाली बसला आणि 'अर्पितभाऊ, काय झालं ते तर सांग' म्हणत राहिला. मी सांगितलं नाही, कारण त्याला माहीतच होतं. मग हातावर मारला. हाताचं हाड मोडतं तेव्हा पाइपमधून आपल्या हाताला कळतं, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटचा फटका मी खांद्यावर मारत होतो. त्याने मान फिरवली आणि तो डोळ्यावर बसला.

मी बरोबर केलं. पप्पांच्या दोन बोटांचा हिशोब कुणीतरी द्यायलाच हवा होता. आणि बघ, त्याने पोलिसात तक्रार केली नाही. निर्दोष माणूस गप्प बसतो का?

पप्पांना दुसऱ्या दिवशी कळलं. मोडक्या हाताने त्यांनी ताट सरकवलं, ते अजून तसंच आहे. गरम पाणी तेवढं घेतात. मम्मी रडते आणि मला म्हणते, तू जा आणि हितेंद्रच्या आईच्या पाया पड. मी का पडू?

आज वनाभाऊ पत्र घेताना म्हणाला, "काय शे रे यामा, सोनं शे का? दोन्ही बहीणभाऊ मन्हा खिसामा पत्रं कोंबतस." मी म्हटलं, हो, सोनंच आहे, सांभाळून ने.

अर्पित


धुळे, ३ ऑक्टोबर २०२४

अर्पित,

तुझं पत्र मिळालं, वाचलं. हे वाचून झाल्यावर जाळ.

मी विजेची बिलं टाइप करत नाही. कपड्यांच्या दुकानांवर एक हॉल आहे, बाहेर पाटी नाही. कंत्राटी कंपनी आहे, काम सरकारचं आहे. कानाला हेडफोन लावून आम्ही लोकांचे फोन ऐकतो. कुणाचा फोन ऐकायला वरून लेखी परवानगी लागते, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी तशी परवानगी कधी पाहिली नाही. आधी टॉवरला विरोध करणाऱ्यांचे नंबर आले, मग त्यांनी ज्यांना फोन केले त्यांचे, मग त्यांच्या सासरचे. अमळनेरची एक बाई रोज दुपारी आईशी बोलताना रडते, तिला मूल राहत नाही. तिच्या गर्भाशयात काय आहे हे मला माहीत आहे. तिचा नवरा एकदा मोर्चाला गेला होता, एवढंच.

आमच्याकडे फोनचं रेकॉर्डिंग नंबर दाबल्यापासून सुरू होतं. घंटी वाजत असताना बाजूला कुणी जे बोलतं, ते सगळं येतं. काकीसांचं वाक्य तिथूनच गेलं. 'त्याला कशाला, त्याने तुमचं डोकं फोडलंय.' मला ते पाठ आहे, कारण ती लाइन माझ्या टेबलावर होती. हितेंद्रने काहीही केलेलं नाही.

यंत्र पडद्यावर रेघा काढतं, कुणाचा कुणाला फोन. क्षमापनेच्या सकाळी काकासांनी शेकडो माणसांना फोन केले, दर वर्षी करतात तसे. त्यांच्या नंबरातून इतक्या रेघा निघाल्या की पडदा भरला, आणि पहिली रेघ किरणकडे. साहेब म्हणाला, हा म्होरक्या दिसतो, सगळ्यांना निरोप देतोय. मी सांगितलं, सर, हे आमच्यात असतं, वर्षातून एकदा सगळ्यांची माफी मागतात, ज्याच्याशी वैर त्याची आधी. तो हसला. म्हणाला, माफी मागतोय म्हणजे काहीतरी केलंच असेल ना? हे माझे काका आहेत, हे मी बोलले नाही. मला भीती वाटली. बाबा गेल्यावर ज्याने मला शिकवलं त्याचं नाव पडद्यावर लाल झालं आणि मी पाणी प्यायला उठले.

आणखी एक आहे, ते याहून वाईट. गाडी पेटली तेव्हा किरण पहूरला स्वतःच्या गोठ्यात होता. म्हैस विताना अडली होती आणि तो गुरांच्या डॉक्टरला फोन लावून, हात कुठे घालू, पाय कुठे लागतोय असं विचारत होता. जवळजवळ तासभर. तेही आमच्याकडे आहे, मी ऐकलंय. मी वर सांगितलं. साहेबाने ती लाइन माझ्याकडून काढून घेतली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे की तो तिथे नव्हता.

मी वकिलाला भेटले आहे. रेकॉर्डिंग बाहेर आणता येत नाही, दारात बूटसुद्धा काढायला लावतात. पण मी कोर्टात उभी राहून सांगू शकते. किरणच्या आईला, यशोदाबाईंना गाठ. त्यांना म्हणावं, त्या डॉक्टरला हाताशी धरा. काकासा सही करणार नाहीत एवढं बघ. आणि त्यांना जेवायला घाल. मी साक्ष द्यायला येते आहे म्हणून सांग.

चेलना


एरंडोल, १३ ऑक्टोबर २०२४

चेलना,

जीजी लिहीत नाही.

किरण मेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. छातीत दुखलं असं त्यांनी सांगितलं. पप्पा ऐकेनात, म्हणून मी त्यांना गाडीत घालून पहूरला नेलं. अंघोळ घालताना पप्पा पुढे झाले आणि मलाही आत ओढलं, म्हणाले, बघ. छाती एका बाजूने आत गेलेली. पायाच्या अंगठ्यांना नखं नव्हती. पाठीवर जागा नव्हती, निळं नाहीतर काळं. जिभेचा तुकडा त्याने स्वतःच चावला असणार. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि मला हितेंद्रचा हात आठवला. आणखी काही आठवलं नाही.

गावाने पप्पांना ओळखलं. याच्याच फोनमुळे झालं म्हणून पोरं ओरडली. दगड आला तो पप्पांच्या कानशिलाला लागला, जुन्या जखमेच्या जरा खाली. ते हलले नाहीत. यशोदाबाई मधे आल्या आणि पोरांना म्हणाल्या, "त्याले मारू नका. त्यानं सही नाही केली." मग पप्पांकडे न बघताच आत गेल्या.

म्हैस मात्र वाचलीय, पारडूही. गोठ्यात बांधलेली होती.

तुझं तीन तारखेचं पत्र मला सहाला मिळालं. सातला मी पहूरला जाऊन यशोदाबाईंना सगळं सांगितलं, पण डॉक्टर म्हणाला, मी कुणाशी बोललोच नाही. घाबरला. आता तू मला सांग, हे सगळं तू वीस सप्टेंबरच्या पत्रात का लिहिलं नाहीस? 'मी मोठी आहे म्हणून ऐक.' तेव्हा लिहिलं असतंस तर हितेंद्रचा डोळा राहिला असता. गेला तो. जळगावच्या डॉक्टरने काढून टाकला. किरणही कदाचित राहिला असता. त्याला मारणारे ते आहेत, हे मला कळतं. पण तुझ्या कानात तो जिवंत होता आणि तू चहा-पाणी करत होतीस.

माझंही काही सोडू नकोस. पाइप माझा होता.

पप्पा म्हणतात सही नाही, आरोपी करा. आजपासून ते जेवायला लागलेत.

अर्पित


धुळे, ९ मार्च २०२५

अर्पित,

पाच महिने तू लिहिलं नाहीस. बरोबर केलंस. मीही लिहिणार नव्हते, पण जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही, मग लिहिते.

जानेवारीत काकासांच्या खटल्यात मी कोर्टात उभी राहिले ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. पेपरात माझं नाव नव्हतं, आडनावाचं पहिलं अक्षर होतं, धुळ्यात तेवढं पुरतं. सरकारी वकील म्हणाले, असा हॉल अस्तित्वातच नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टाने माणूस पाठवला तेव्हा खरंच नव्हता. खुर्च्यासुद्धा नेल्या होत्या, भिंतीवर वायरी ओरबाडल्याच्या खुणा राहिल्या. मग मी म्हशीचं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला, किरण काय म्हणाला, मधेच त्याच्या आईने कंदील धरला तेव्हा तो तिच्यावर कसा खेकसला. यशोदाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, हो, खेकसला होता. मग तो गुरांचा डॉक्टरही स्वतःच पुढे आला आणि रडत रडत कबूल झाला की फोन आला होता.

काकासांवरचं आरोपपत्र आता टिकणार नाही असं वकील म्हणतात. माझ्यावर गुपितं फोडल्याचा खटला आहे. किरणला मारलं त्यांच्यातल्या दोघांची बदली झाली. बदली, अर्पित, एवढंच.

फेब्रुवारीत साक्रीरोडला तिघांनी मला गाडीवरून पाडलं. एकाने केस धरले, दुसऱ्याने हेल्मेट काढून त्यानेच मारलं. 'तुला ऐकायची हौस आहे ना,' असं म्हणत तो कानांवरच मारत होता, दमल्यावर थांबायचा आणि परत मारायचा. डावा कान गेला. उजव्यात थोडंफार येतं. लोक उभे होते, कुणी पुढे आलं नाही. वनाभाऊची एसटी मागून आली म्हणून मी वाचले. त्याने गाडीतला जॅकचा दांडा घेतला आणि एकाचं मनगट फोडलं. मला पाहायला आला तेव्हा म्हणाला, "तुन्हा पत्रासमा सोनं नव्हतं बई, बारूद व्हती." मला हसायचं होतं, पण तार होती.

तू विचारलंस ते खरं आहे. वीस तारखेला मी लिहायला हवं होतं. नोकरी जाईल, मला धरतील, एवढाच विचार होता. हितेंद्रच्या डोळ्याचा अर्धा वाटा माझा.

आता त्या चार मिनिटांचं. काकासांनी सांगितलं नाही, पण कोर्टात मला सांगावं लागलं, म्हणजे तुलाही कळायला हवं. काकासा म्हणाले, "किरणभाऊ, कळत नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा. आणि केबल जुनी होती, ते मला माहीत होतं." किरणचा श्वास ऐकू येत होता. मग तो भावाबद्दल बोलला, त्याला पोहता येत नव्हतं तरी विहिरीत उतरायचा वगैरे. काकासा रडत होते. शेवटी तो म्हणाला, "माफ तं मी तुम्हाले नाही करनार, शेठ. पन पुढच्या साली बी फोन करजा." मग त्याने ठेवला.

जज्जने मला हे दोनदा म्हणायला लावलं.

चेलना


एरंडोल, २९ ऑगस्ट २०२५

जीजी, जय जिनेंद्र.

काल संवत्सरी झाली. जैन स्थानकात मम्मीने तुझ्या नावाने प्रायश्चित्ताचं वेगळं प्रतिक्रमण केलं. तुझ्या खटल्याची तारीख पडली की आम्ही सगळे कोर्टात येऊ, मीही. तुझ्या उजव्या बाजूला बसेन, म्हणजे ऐकू येईल.

आज सकाळी पप्पा फोन घेऊन बसले. मी म्हटलं, पप्पा, अजूनही ऐकत असतील, हॉल नुसता हलवलाय. ते म्हणाले, ऐकू दे, त्यांना कुणी माफी मागितलेली ऐकायची गरज आहे. डाव्या हाताने नंबर दाबायला वेळ लागतो. उजव्याची बोटं वाकडीच जुळली, तू सांगितलं होतंस तसं. पहिला फोन किरणच्या नंबरावर. मला वाटलं, बंद असणार.

घंटी वाजली. मम्मी बाजूलाच होती, ती या वेळी काही बोलली नाही. यशोदाबाईंनी उचलला. मोबाइल जप्त झाला होता, पण नंबर त्यांच्या नावावर, तो त्यांनी दुसऱ्या मोबाइलवर चालू करून घेतलाय. पप्पांनी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "बोला शेठ. त्या सकाळीच किरण मले सांगून ठेवेल व्हता, पुढच्या साली तुमचा फोन येईन म्हनून. मी रात्रीच चार्जिंगले लावला." पप्पांनी माफी मागितली. त्या म्हणाल्या, म्हैस परत गाभण आहे.

नंतर मी माझा मोबाइल घेतला. हितेंद्र आता फैजपूरला बहिणीकडे असतो, एका डोळ्याने बारीक कामं जमत नाहीत म्हणून दुकान विकलं. वर्षभर मी त्याच्या आईच्या दारात जात राहिलो, तिने दार उघडलं नाही. पोलिसात स्वतः जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, तक्रारदार आण. तक्रारदार म्हणतो, मला काही आठवत नाही. तो अजून मला घाबरतो, जीजी. त्याला वाटतं मी परत येईन.

मी त्याचा नंबर लावला. वाजत राहिला. तू लिहिलं होतंस, नंबर दाबल्यापासून सगळं येतं. मग मी घंटी वाजत असतानाच बोललो. म्हटलं, हितेंद्र, तू काही केलं नव्हतंस. पाइप मी कापला होता, तुझ्यावर मी तो तीन वेळा उचलला, आणि तू विचारत होतास काय झालं ते, आणि मी सांगितलं नाही. मला माफ करू नकोस, पण मी परत कधी येणार नाही, हे तरी तुला कळू दे. घंटी बंद झाली. त्याने उचलला नव्हता.

म्हणजे ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. कुठल्यातरी हॉलमध्ये हेडफोन लावून बसलेल्या कुणीतरी ते ऐकलं असेल, तुझ्यासारख्याच कुणा मुलीने, आणि तिला कळलंही नसेल हे कुणासाठी आहे. तिला एक निरोप देता आला असता तर म्हटलं असतं, बाई, एवढं एक तरी फैजपूरला पोचव.

पुढच्या वर्षी पहिला फोन मी त्यालाच करणार.

तुझा अर्पित